वाचकांचे प्रश्न : नव्या शिक्षकांच्या हाती वर्ग देण्याआधी

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. यंदा चार नवे शिक्षक रुजू होत आहेत. ‘मुलांशी प्रेमानं वागा, वर्ग आनंदी ठेवा’ असं मी दरवर्षी सांगते, पण महिन्याभरात प्रत्येकाचा आवाज चढलेला असतो. त्यांची तयारी करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा सल्ला खरा आहे, पण त्यात कृती नाही. चाळीस मुलं एकदम बोलायला लागली की नव्या शिक्षकाला ‘प्रेमानं वागा’ हे आठवतं. कुठं उभं राहायचं आणि पहिलं वाक्य कोणतं उच्चारायचं, हे आठवत नाही. मग तो स्वतः शाळेत असताना त्याचे शिक्षक जे करायचे तेच तो करतो, म्हणजे ओरडतो.

जेकब कुनिन या मानसशास्त्रज्ञानं वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० साली आपले निष्कर्ष मांडले. मुलं चुकल्यावर शिक्षक काय करतो, यावरून शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग असा फरक त्याला सांगता येईना. फरक आधीच्या गोष्टींत होता. शिक्षकाची नजर सगळ्या वर्गावर आहे हे मुलांना कळतंय का? एका कामातून दुसऱ्या कामात जाताना अडखळायला होतं का? बाकीची मुलं रिकामी बसतात का? तयारी या आधीच्या गोष्टींची करून घ्यायची, आणि ती बोलून होत नाही, सरावानंच होते.

शाळा सुरू होण्याआधी दोन दिवस रिकाम्या वर्गात चौघांना एकत्र आणा. एक शिक्षक, दोघं विद्यार्थी, एक निरीक्षक. प्रसंग दीड-दोन मिनिटांचाच घ्या : मुलं वर्गात येतायत, वह्या वाटल्या जातायत, गटकाम थांबवायचंय. एकदा करून झालं की निरीक्षकानं एकच गोष्ट सांगायची आणि तोच प्रसंग लगेच पुन्हा करायचा. दुसरी फेरी वगळू नका. सूक्ष्म अध्यापन म्हणजे मोजक्या जणांसमोर छोटा पाठ घेऊन करायचा सराव. त्याच्या ३६ मिनिटांच्या प्रचलित चक्रातही सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, मग पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण असतं. प्रशिक्षणात घाई झाली की नेमका पुनर्पाठ गळतो आणि उरतो तो केवळ अभिप्राय.

हा सराव दोन ठिकाणी फसतो. विद्यार्थी झालेले सहकारी उत्साहाच्या भरात अख्खा वर्ग डोक्यावर घेतात, आणि नवा शिक्षक शिकण्याऐवजी घाबरतो. म्हणून काय बिघडवायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, फेरीला एकच : ‘शेजाऱ्याशी कुजबुज’ किंवा ‘वही उघडतच नाही’. दुसरं म्हणजे शिक्षक ‘इथं मी मुलांना समजावून सांगीन’ असं वर्णन करू लागतो. तिथंच थांबवा आणि विचारा, ‘कोणत्या शब्दांत? बोलून दाखवा.’

शाळा सुरू झाल्यावर सहामाहीतल्या एका पूर्ण पाठनिरीक्षणापेक्षा पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं वर्गात बसा. ‘वर्गनियंत्रण सुधारावे’ हा शेरा लिहू नका, त्यातून काय बदलायचं ते कळत नाही. त्याऐवजी बैठकीचा नकाशा काढा आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब द्या. पंधरा मिनिटांनी टिंबं बहुधा पुढच्या आणि मधल्या रांगांत दाटलेली दिसतील. नकाशा शिक्षकाच्या हाती द्या, टीका करायची गरज उरत नाही. त्या आठवड्याचं उद्दिष्ट तेवढंच ठेवा : मागच्या दोन रांगांना रोज पाच प्रश्न.

प्रश्न : पहिल्याच दिवशी नियमांचा तक्ता लावावा का? किती नियम असावेत?

तीन ते पाच, आणि ‘करू नका’ऐवजी काय करायचं ते सांगणारे. ‘गोंगाट करू नका’ यापेक्षा ‘एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात’ हे मुलाला करता येतं.

पण खरा भार तक्त्यावर नसतो, रोजच्या रिवाजांवर असतो. वर्गात आल्यावर पहिली तीन मिनिटं काय करायचं, गृहपाठाची वही कुठं ठेवायची, पेन्सिल तुटली तर काय, बाहेर जायची परवानगी कशी मागायची, काम आधी संपलं तर पुढं काय, तास संपताना बाकं कशी सोडायची. हे सहा-सात रिवाज स्वतःसाठी आधी लिहून काढा. लिहिताना अडलात, तर मुलंही तिथंच अडणार.

पहिले दोन आठवडे ते गणितासारखे शिकवा. सांगा, स्वतः करून दाखवा, दोन मुलांकडून करवून घ्या, मग सगळ्यांकडून. नीट झालं नाही तर रागावायचं नाही. ‘पुन्हा एकदा करू’ म्हणून खरंच पुन्हा करवून घ्यायचं. यात पाठ्यक्रम मागं पडतोय असं वाटून अनेकजण चौथ्या दिवशी सोडून देतात. पुढं तोच वेळ रोज वह्या गोळा करण्यात जातो. मोठ्या सुट्टीनंतर रिवाज विस्कटतात, तेव्हा दोन दिवस उजळणी ठेवा.

प्रश्न : मी ‘शांत बसा’ म्हणते, क्षणभर शांतता होते आणि पुन्हा बडबड. माझं काय चुकतं?

बहुधा तुम्ही पूर्ण शांतता व्हायच्या आत बोलायला लागता. सात-आठ मुलं अजून बोलत असताना सूचना सुरू झाली की बाईंच्या बोलण्यावर बोललं तरी चालतं, हे वर्ग शिकतो. मग तुमचा आवाज चढतो आणि त्याच्या वर मुलांचा.

एकच खूण ठरवा : हात वर, किंवा पाचपासून उलटे आकडे. ती देताना एका जागी उभ्या राहा. फिरत, फळा पुसत दिलेली खूण मुलांना महत्त्वाची वाटत नाही. शेवटचं मूल गप्प होईपर्यंत थांबा, मग नेहमीपेक्षा खालच्या आवाजात बोला. सूचनेत तीनच गोष्टी हव्यात : काय करायचं, किती आवाजात, किती वेळ. ‘उदाहरण चार सोडवा, एकट्यानं, न बोलता, सहा मिनिटं.’ लगेच कुणाच्या मदतीला धावू नका. वीस सेकंद कोपऱ्यात उभ्या राहून सगळा वर्ग पाहा. कोण सुरूच झालं नाही ते तेव्हाच दिसतं.

प्रश्न विचारल्यावरही थांबायला हवं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबत असल्याचं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं, की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. नव्या शिक्षकाला ती शांतता फार लांब वाटते, म्हणून हाही सराव आधी करून घ्यावा.

प्रश्न : कौतुक करा म्हणतात, म्हणून मी चांदण्या वाटतो. आता मुलं ‘चांदणी मिळेल का?’ विचारल्याशिवाय काम करत नाहीत.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अनपेक्षित मिळालं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणजे बाधक ठरला तो आधी केलेला सौदा. मूल जे आपणहून करतं त्यावर सौदा लावू नका. चांदण्या एका दिवसात बंद केल्या तर मुलांना ती शिक्षा वाटेल. दोन-तीन आठवड्यांत कमी करत न्या आणि त्यांच्या जागी नेमकं बोलणं आणा.

‘शाब्बास, हुशार आहेस’ यातून मुलाला काय चांगलं झालं ते कळत नाही. ‘पहिली रीत चुकली तेव्हा तू आकृती काढून पाहिलीस’ यातून कळतं. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या अभ्यासात बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. पण न केलेल्या मेहनतीचं कौतुक मुलं लगेच ओळखतात, तेव्हा पाहिलंय तेवढंच बोला. आणि ‘ती रांग बघा किती शहाणी’ असं कौतुक दुसऱ्यांना टोचण्यासाठी कधीच वापरू नका.

प्रश्न : एकच मुलगा रोज तास मोडतो. बाकी वर्ग चांगला आहे.

सगळ्यांसमोर बोलणं टाळा. प्रेक्षक असले की त्याला माघार घेता येत नाही. आधी नजर, मग जवळ जाऊन उभं राहणं, मग वहीवर बोट ठेवून हळू आवाजात एक वाक्य : ‘इथून सुरू कर, मी दोन मिनिटांत येतो.’ आणि तिथून निघून जा. डोक्यावर उभे राहिलात तर वाद होतो. दोन मिनिटांनी मात्र नक्की परत जा.

त्याबरोबर सलग दहा दिवस, रोज दोन मिनिटं, त्याच्याशी अभ्यास आणि वागणं सोडून इतर कशाबद्दलही बोला. पहिले तीन-चार दिवस तो एका शब्दात उत्तर देईल, बोलणं तोडू नका. कोणत्या तासाला, कोणत्या कामानंतर तो बिघडतो याची आठवडाभर नोंद ठेवा. वाचायची वेळ आली की दंगा होत असेल, तर आधी त्याचं वाचन आणि डोळे तपासून घ्या.