शिक्षण किती, वर्गणी किती? : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताला विरोध करणाऱ्या, शैक्षणिक (शाळा नव्हे, लोकशिक्षणाचं काम करणाऱ्या) संस्थांबद्दल तिथल्या आणि इथल्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या डॉब्स खटल्यातल्या निकालाने गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा रो निकाल मोडीत निघाला, हा प्रश्न राज्याराज्यांत गेला आणि त्यामागोमाग वर्गणीची पाकिटंही घरोघरी गेली. गर्भपात योग्य की अयोग्य, हा वाद या पानावर घालायचा नाही. संस्थेचं काम आणि तिचा पैसा कसा तपासायचा, एवढंच पाहू. यातले करविषयक नियम विरुद्ध बाजूच्या संस्थांनाही तसेच लागू आहेत.

प्रश्न : एका प्रो-लाइफ शैक्षणिक संस्थेचं सहा पानी पत्र आलं. ‘तुमच्या प्रत्येक डॉलरमधले ८० सेंट शिक्षणावर’ असं त्यात छापलंय. हे खरं की खोटं, घरबसल्या कसं कळेल? (एडिसन, न्यू जर्सी)

खोटं असेलच असं नाही. पण ‘शिक्षण’ या सदरात काय काय घातलंय ते बघितल्याशिवाय त्या ८० ला काही अर्थ नाही.

संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे करखात्याला द्यायचं वार्षिक विवरणपत्र, काढा. आयआरएसच्या (अमेरिकी करखात्याच्या) संकेतस्थळावर किंवा प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्स्प्लोररवर तो फुकट मिळतो. संस्थेकडे लेखी मागितलात तर गेल्या तीन वर्षांच्या प्रती ३० दिवसांत देणं तिला बंधनकारक आहे. फार तर झेरॉक्स-टपालाचे पैसे घेईल. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या संस्थेची मुदत १५ मे असते आणि सहा महिने वाढवून मिळते, त्यामुळे हाती येणारे आकडे वर्ष-दीड वर्ष जुनेच असतात. त्यावरून संशय घेऊ नका. एक मेख मात्र आहे : चर्चला ९९० भरावा लागत नाही, आणि काही धार्मिक संस्था स्वतःची नोंद चर्च म्हणूनच करून घेतात. तसं असेल तर लेखापरीक्षकाचा अहवाल मागा. तोही नाही म्हणाले, तर पाकीट रद्दीत.

फॉर्म हातात आला की थेट भाग ९ उघडा. प्रत्येक खर्च चार रकान्यांत दिसतो : एकूण, कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी संकलन. ‘८० सेंट’ येतात ते दुसऱ्या रकान्यातून. आता खाली २६ व्या ओळीवर या. शैक्षणिक मोहीम आणि वर्गणीचं आवाहन एकाच पत्रात असेल, तर त्या सामायिक खर्चाची वाटणी तिथे दाखवावी लागते. शैक्षणिक संस्थेचं सगळं इंगित बहुतेक वेळा या एका ओळीत असतं.

आकडे मनाचे घेऊन बघू. ५०,००० पत्रं, छपाई-टपाल-यादीचं भाडं धरून प्रत्येकी ७० सेंट, म्हणजे ३५,००० डॉलर. सहापैकी चार पानं माहितीची, दोन आवाहनाची. पानांच्या हिशेबाने वाटणी केली तर २३,३३३ डॉलर ‘शिक्षण’ आणि ११,६६७ ‘निधी संकलन’. शंभरात दोघांनी सरासरी ३० डॉलर पाठवले तर जमा ३०,०००. म्हणजे मोहिमेत रोख ५,००० चा खड्डा पडला, आणि अहवालात मात्र शिक्षणावर तेवीस हजार झळकले. ज्यांना ते पत्र गेलं त्यांतल्या बहुतेकांनी ते उघडलंही नसेल. नव्या देणगीदारांच्या शोधात पहिल्या पत्राला तोटा होणं नेहमीचंच आहे. तो तोटा शिक्षण म्हणून मांडला जातो तिथे खटकतं.

ही वाटणी हवी तशी करता येत नाही. अमेरिकी लेखा-नियमांत तीन कसोट्या आहेत : हेतू, श्रोते आणि मजकूर. पत्राने वाचकाला संस्थेच्या कामाशी जुळणारी ठोस कृती सांगितली पाहिजे. ‘संकटात सापडलेल्या गरोदर मुलीला या केंद्राचा नंबर द्या’ ही कृती झाली. ‘परिस्थिती किती भयंकर आहे बघा’ ही झाली नाही. पत्रं फक्त जुन्या देणगीदारांना किंवा पैसेवाल्यांच्या यादीला गेली असतील, तर श्रोत्यांची कसोटी हुकली असंच आधी गृहीत धरतात आणि तसं नाही हे दाखवण्याचा भार संस्थेवर येतो. पत्रं काढणाऱ्या एजन्सीचा निम्म्याहून जास्त मोबदला गोळा झालेल्या रकमेवर ठरत असेल, तर हेतूची कसोटी तिथेच संपली. तिन्हींतली एक जरी हुकली, तरी माहितीच्या पानांसकट जवळपास सगळा खर्च निधी संकलनात टाकावा लागतो.

त्यानंतर भाग ७ मधले पगार आणि एक लाख डॉलरवरचे कंत्राटदार पाहा. बाहेरच्या व्यावसायिकांना निधी संकलनासाठी १५,००० डॉलरवर दिले असतील तर शेड्यूल जी हे जोडपत्र असतंच. गोळा किती झाले आणि संस्थेच्या हाती किती उरले, दोन्ही तिथे कळतं. देणगी घेणाऱ्या संस्था तपासणाऱ्या बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सची मोजपट्टी कार्यक्रमावर किमान ६५ टक्के अशी आहे. माझ्या मते सामायिक खर्च वगळून तेवढे भरत असतील, तर संस्था बरी.

प्रश्न : मी मूळची वसईची. इथे चर्चच्या ओळखीतून एका छोट्या प्रो-लाइफ संस्थेची खजिनदार झाले आहे. वर्षाचे जेमतेम ३०,००० डॉलर जमतात, त्यांतले बरेचसे ‘बेबी बॉटल’ मोहिमेतून. काय काय सांभाळायचं? (ह्यूस्टन, टेक्सस)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चर्चमध्ये रिकाम्या दुधाच्या बाटल्या वाटतात, घरोघरी त्यांत सुटे पैसे साठवतात आणि ठरलेल्या रविवारी परत आणतात. बऱ्याच ठिकाणी मे महिन्यातल्या मदर्स डेपासून जूनमधल्या फादर्स डेपर्यंत ही मोहीम चालते, काही ठिकाणी जानेवारीत.

पहिली गळती बाटल्यांचीच. प्रत्येकीवर क्रमांक चिकटवा आणि कुठल्या चर्चला कुठले क्रमांक गेले याची यादी ठेवा. नाहीतर दरवर्षी नव्या बाटल्या घेण्यातच पैसे जातात. परतीची तारीख बाटलीवरच छापा. वेगळी चिठ्ठी हरवते.

दुसरी अडचण वजनाची. एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ५.६७ ग्रॅमचा, म्हणजे १,००० डॉलरचे क्वार्टर साधारण २२.७ किलो भरतात. तेवढ्याच रकमेच्या पेनी (एक सेंटची नाणी) झाल्या तर अडीचशे किलो! नाणी आणण्याआधी बँकेला विचारा : सुटी घेता की गुंडाळ्या करून, आणि संस्थेच्या खात्याला मोजणावळ लावता का. क्वार्टरची गुंडाळी ४० नगांची, १० डॉलरची. सुपरमार्केटातली यंत्रं रोख नोटा देताना कमिशन कापतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. बाटलीत चेकही असतात आणि ते आतल्या अंगाला चिकटून बसतात. म्हणून उलटी करून झटकण्यावर भागवू नका, आत बोट घालून बघा.

मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं एका टेबलावर, दोघांच्या सह्यांचा तक्ता, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी भरणा. पैसे कोणाच्या घरी रात्रभर राहता कामा नयेत. यात कोणावर अविश्वास नाही. उद्या शंभर डॉलर कमी भरले तर तुमच्याकडे बोट दाखवलं जाऊ नये म्हणून हे करायचं. निनावी नाण्यांवर करसवलत मिळत नाही, त्यामुळे ज्यांना पावती हवी त्यांच्यासाठी बाटलीसोबत नाव-पत्त्याची चिठ्ठी द्या.

जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर फक्त ९९०-एन हे छोटं ऑनलाइन पत्रक भरायचं. पाच मिनिटांचं काम, म्हणूनच राहून जातं. सलग तीन वर्षं राहिलं की करमुक्त दर्जा आपोआप जातो, आणि परत मिळवायला शुल्कासकट नव्याने अर्ज. खजिनदार बदलताना हेच निसटतं. नव्या माणसाच्या हातात पासवर्डाबरोबर ही तारीखही द्या.

प्रश्न : शैक्षणिक संस्था ‘सिनेटरला फोन करा’ असं सांगू शकते का? आणि उमेदवाराला पाठिंबा? (कोलंबस, ओहायो)

उमेदवाराचं नाव घेऊन पाठिंबा किंवा विरोध : देणगीवर करसवलत असलेल्या ५०१(सी)(३) संस्थेला पूर्ण बंदी. कायद्यासाठी लॉबिंग : मर्यादेत चालतं. फॉर्म ५७६८ भरून संस्थेने ५०१(एच) कलमाचा पर्याय घेतला असेल तर ती मर्यादा डॉलरमध्ये ठरते. करमुक्त कामावरच्या खर्चाच्या पहिल्या पाच लाखांचे २० टक्के, पुढच्या पाच लाखांचे १५, त्यापुढच्या पाच लाखांचे १०, उरलेल्याचे ५, आणि कमाल १० लाख डॉलर. वर्षाला आठ लाख खर्चणाऱ्या संस्थेला १,००,००० अधिक ४५,०००, म्हणजे १,४५,००० डॉलर. सामान्य लोकांना ‘फोन करा’ म्हणून उठवण्यावर यातला चौथा हिस्साच, ३६,२५० डॉलर. ओलांडलं तर जादा रकमेवर २५ टक्के कर. पर्याय न घेतलेल्या संस्थेला ‘फार लॉबिंग नको’ एवढीच मोघम अट असते. का घेत नाहीत कोण जाणे. फॉर्म एका पानाचा आहे.

तुमच्या ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये गर्भपाताच्या हक्काची घटनादुरुस्ती मतदानाला आली आणि संमत झाली. तशा मतदानात मतदार स्वतःच कायदा करतात, म्हणून मतदारांना ‘हो’ किंवा ‘नाही’ मत द्या असं सांगण्याचा खर्च थेट लॉबिंगमध्ये धरतात. तिथे चौथा हिस्सा नाही, पूर्ण मर्यादा वापरता येते.

यामुळेच मोठ्या संस्था जोडीने असतात. स्टुडंट्स फॉर लाइफ ऑफ अमेरिका शिक्षणाची, तर स्टुडंट्स फॉर लाइफ ॲक्शन राजकीय कामाची. तशीच सुझन बी. अँथनी प्रो-लाइफ अमेरिका आणि तिच्याशी जोडलेली शार्लट लोझियर इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था. नावं सारखी, पत्ता कधी कधी एकच, पण राजकीय काम करणाऱ्या ५०१(सी)(४) संस्थेला दिलेल्या पैशावर करसवलत नाही. चेक कुणाच्या नावाने लिहिताय ते नीट वाचा. दोन संस्थांमधली देवघेव शेड्यूल आर मध्ये सापडते.

प्रश्न : वार्षिक मेजवानीचं १०० डॉलरचं तिकीट घेतलं. जेवण प्रायोजकाने दिलं होतं. सगळे १०० देणगीत धरू ना? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नाही. जेवणाचे पैसे कोणी भरले याला महत्त्व नाही. तशा जेवणाची बाजारात ३५ डॉलर किंमत असेल तर देणगी ६५. ७५ डॉलरवरच्या तिकिटाला हा आकडा संस्थेने स्वतःहून कळवायचा असतो. एका वेळी २५० किंवा जास्त दिलेत तर लेखी पोच हवीच. बँकेचा उतारा तिथे पुरत नाही.

प्रश्न : मुलीच्या हायस्कूलमध्ये प्रो-लाइफ क्लब आहे आणि बाहेरची संस्था त्यांना पत्रकं पुरवते. हे नियमात बसतं का? पत्रकातली माहिती कशी तपासू? (नेपरव्हिल, इलिनॉय)

१९८४ च्या इक्वल ॲक्सेस ॲक्टनुसार सरकारी हायस्कूल अभ्यासक्रमाबाहेरच्या एका क्लबला जागा देत असेल, तर विचारांवरून दुसऱ्याला नाकारू शकत नाही. १९९० च्या मर्जेन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. पण क्लब विद्यार्थ्यांनीच चालवायचा. बाहेरच्या माणसाने दर सभेला येऊन बसणं किंवा सूत्रं हलवणं नियमाबाहेर. पत्रकं आणि एखाद-दुसरं व्याख्यान, इथपर्यंत ठीक.

पत्रक तपासताना आधी आठवडे बघा. डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात, प्रो-लाइफ साहित्यात बहुधा गर्भधारणेपासून. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक. पत्रकातले ‘१० आठवडे’ म्हणजे सोनोग्राफी रिपोर्टातले १२. कुठलं मोजमाप आहे हे लिहिलेलं नसेल, तर प्लॅस्टिकचे नमुने, चित्रं आणि राज्याच्या कायद्यातली मुदत एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मुलं नेमकं तिथेच बोट ठेवतात. नमुना मापाचा आहे की मोठा करून केलेला, हेही विचारा. १२ आठवड्यांच्या (पाळीपासून) गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते; पट्टी लावून बघता येईल.

प्रश्न : आमची संस्था गर्भलिंगनिदानाविरुद्ध काम करते. अमेरिकेतली एक प्रो-लाइफ संस्था १०,००० डॉलर आणि छापील साहित्य द्यायला तयार आहे. घ्यावं का? (पुणे)

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेता येणार नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि तेवढ्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. नाहीतर याच एका देणगीसाठी पूर्वपरवानगी, तीही देणाऱ्याचं वचनपत्र जोडून. पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि ही रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तालुक्यातल्या सहकारी संस्थांना वाटू म्हणाल तर ते चालणार नाही.

साहित्याबद्दल मी जास्त सावध राहीन. तुमचा लढा लिंगनिवडीशी आहे. त्यावर महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. गर्भपात मात्र १९७१ च्या एमटीपी कायद्याने अटींसह वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळाचं. अमेरिकी पत्रक मराठीत जसंच्या तसं उतरवलं तर ‘गर्भपात म्हणजे गुन्हा’ असा अर्थ गावात पोचतो. मग कायद्याने हक्क असलेली बाईही सरकारी दवाखान्यात जायला घाबरते आणि भोंदूकडे जाते. ‘गर्भलिंग तपासणं आणि सांगणं गुन्हा आहे’ एवढंच वाक्य मोठ्या अक्षरात छापा, तक्रारीसाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा नंबर खाली द्या, आणि तो चालू आहे का ते छपाईआधी फोन करून पाहा.