वाचकांचे प्रश्न : एवढ्या पावसात शर्यत रद्द का करत नाहीत?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये डर्बीला इंजिनिअर आहे. यंदापासून सुट्टीच्या दिवशी क्लबच्या शर्यतींत जुनी माझदा एमएक्स-५ चालवतो. गेल्या शनिवार-रविवारी डॉनिंग्टन पार्कच्या शर्यतीच्या ट्रॅकवर धो धो पाऊस होता. त्यानं गाडीतला व्हिडिओ पाठवला. काचेतून पुढचं काहीच दिसत नव्हतं, मग गाडी उतारावर गर्रकन फिरली आणि गवतात गेली. तो फोनवर हसत होता, मला मात्र रात्रभर झोप नाही. एवढ्या पावसात शर्यत रद्द का करत नाहीत? आणि त्याला हा नाद सोड म्हणून सांगू का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, मी त्याच भागात राहते आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर मार्शल म्हणून उभी असते. नारिंगी कपडे, वळणाच्या कडेची चौकी आणि हातात झेंडा. पगार कुणालाच नसतो, सगळे हौसेनं येतात. तुमच्या मुलाची गाडी फिरते तेव्हा तिच्याकडे धावत जाणारी माणसं आमच्यातलीच असतात, म्हणून हे पत्र वाचून राहवलं नाही.

नुसता पाऊस आहे म्हणून शर्यत थांबवत नाहीत. तसं करायचं ठरवलं तर इंग्लंडात मोसमच उरणार नाही. थांबवतात ती पाणी साचून गाड्या त्यावर तरंगायला लागल्या की, किंवा दिसेनासं झालं की. आमच्या चौकीवरून पुढची चौकी दिसली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की आम्ही रेडिओवर कळवतो. शर्यतीचा प्रमुख अधिकारी वर नियंत्रण कक्षात बसलेला असतो, निर्णय त्याचा. लाल झेंडा निघाला की सगळ्यांनी वेग कमी करून परत यायचं. ट्रॅकवर पाणी जास्त असेल तर सुरुवातच सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांच्या पुढे सावकाश चालणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गाडीच्या मागून, रांगेनं करून देतात.

खरं सांगायचं तर मला रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा फवाऱ्याची जास्त धास्ती वाटते. पुढच्या गाडीची चाकं पाणी उडवतात आणि मागच्याला पांढऱ्या भिंतीत शिरल्यासारखं होतं. त्या भिंतीत पुढच्यानं ब्रेक कधी लावला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक गाडीला मागे एक तांबडा दिवा सक्तीचा असतो आणि पावसात तो लावावाच लागतो. कित्येकदा गाडी दिसतच नाही, तो तांबडा ठिपका तेवढा दिसतो. त्यातच आतून काच धुरकटते. तुमच्या व्हिडिओत काच पुसट दिसली ती बाहेरच्या पाण्यानं की आतल्या वाफेनं, हे मुलाला जरूर विचारा. आतली वाफ असेल तर तो दोष शर्यतीआधी काढता येतो.

आता तो उतार. डॉनिंग्टनला पहिलं वळण संपलं की ट्रॅक झपकन खाली उतरतो, त्या भागाला क्रेनर कर्व्हज म्हणतात. उतारावर एकामागून एक वळणं, आणि खाली ओल्ड हेअरपिन नावाचं वळण. तिथे गाडी सटकतेय असं वाटलं की नवखा माणूस घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलतो. पाय उचलला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर मागची बाजू पुढे यायला बघते. मुलाची गाडी फिरली तीही बहुधा अशीच. गवताबद्दलही एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गाडी गवतावर गेली म्हणजे थांबेल असं वाटतं, पण ओलं गवत तिला मुळीच धरत नाही, ती जवळजवळ आहे त्या वेगानं घसरत जाते. म्हणूनच ट्रॅकच्या धोक्याच्या जागी वाळूगोट्यांचे खड्डे केलेले असतात.

याच उतारावर ११ एप्रिल १९९३ रोजी, अशाच पावसात, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना बाहेरच्या बाजूनं वेंडलिंगर या ड्रायव्हरच्या पुढे गेला. पाचव्या क्रमांकावर ढकलला गेलेला सेना ती पहिली फेरी संपता संपता सगळ्यांच्या पुढे होता. डॉनिंग्टनला गाडी चालवणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यात ती फेरी असते, तुमच्याही मुलाच्या असणार. त्यामागचं शास्त्र त्याला ठाऊक असेल : कोरड्यात सगळे ज्या रेषेवरून जातात तिथे टायरचं रबर घासून बसलेलं असतं, आणि पाऊस पडला की तीच रेषा साबणासारखी होते. म्हणून पावसात वळणाच्या बाहेरून, खरबरीत डांबरावरून जायचं, आणि कडेच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर चाक चढू द्यायचं नाही. पण सेनाच्या गाडीला पावसाचे खास टायर होते. क्लबच्या अनेक गटांत नियमानं ठरवून दिलेला एकच टायर असतो, ऊन असो की पाऊस. तेवढ्याच टायरवर ती फेरी पुन्हा काढायला जाऊ नये, हे मी त्याला तोंडावर सांगेन.

ताई, त्याच्या अंगावर काय काय असतं तेही सांगते. आगीपासून वाचवणारा सूट, हेल्मेट, मान झटक्यानं पुढे जाऊ नये म्हणून खांद्यावर बसणारी पट्टी, जागेवर आवळून बांधणारे बेल्ट, भोवती पोलादी पिंजरा. गाडीच्या बाहेर निळ्या त्रिकोणात तांबड्या विजेची खूण असते. तिथलं बटण ओढलं की आम्ही बाहेरूनच सगळा वीजपुरवठा बंद करतो. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. शिवाय लायसन्सच्या परीक्षेत झेंड्यांचा एकही प्रश्न चुकून चालत नाही. त्याच्या गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली असेल, ती नवख्याची खूण. ती दिसली की मागचे आणि आम्हीही जरा जास्त सांभाळून असतो.

पावसात आमचे झेंडे भिजून जड होतात, काठीला गुंडाळून बसतात. ते मोकळे करून जोरानं हलवावे लागतात, आणि समोरच्या ड्रायव्हरला तो पिवळा रंग फवाऱ्यातून क्षणभरच दिसतो. त्या क्षणी त्यानं वेग उतरवला तर पुढे अडकलेल्या गाडीपाशी वाकलेला माझा सोबती सुरक्षित राहतो. म्हणून मुलाला नाद सोड म्हणू नका. त्याला एवढंच विचारा, पिवळा झेंडा दिसल्यावर तू किती हळू होतोस? उत्तर देताना तो अडखळला तर माझा निरोप द्या, एक दिवस गाडी घरी ठेवून आमच्यासोबत चौकीवर उभा राहा म्हणावं. आणि हेही सांगा की डोळ्यांना दिसत नसेल तर गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबायच्या जागेत, आणून बंद करावी. असं करणारे चांगले मुरलेले ड्रायव्हर मी पाहिलेत, त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. भारतात अशी हौशी शर्यत करता येईल का? आणि पावसात चालवायला शिकायचं कुठे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येईल. त्यासाठी एफएमएससीआय या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स काढावं लागतं. शर्यती मुख्यतः दक्षिणेत होतात, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, तेव्हा त्या दिवसांत गेलात तर ओला ट्रॅक मिळायची शक्यता बरीच.

पण सुरुवात गो-कार्ट या छोट्या, उघड्या गाडीपासून करा, आणि ट्रॅकवाले परवानगी देत असतील तर मुद्दाम पावसाच्या दिवशी. सेना लहानपणी पावसात एक कार्ट शर्यत वाईट हरला होता. त्यानंतर पाऊस आला की तो कार्ट घेऊन बाहेर पडायचा. कार्टमध्ये वेग कमी, जमीन जवळ, आणि मागची चाकं सुटायला लागली की ते थेट पाठीला कळतं. स्टिअरिंग हळू फिरवायचं, ब्रेक लवकर आणि हलका लावायचा, पाय एकदम उचलायचा नाही. हे अंगात मुरेपर्यंत मोठ्या गाडीची घाई करू नका. आणि घाटात, रहदारीच्या रस्त्यावर यातलं काहीही करून बघायचं नाही, तिथे झेंडा घेऊन कुणी उभं नसतं.