टीडीएस मीटर 420 दाखवतंय, मग पालकाला पाणी सोडू का?

नमस्कार मंडळी, वालधुनी नदीच्या खालच्या अंगाला कल्याणकडे पालक, माठ, मुळा करणाऱ्या तिघाचौघांनी एकच विचारलंय, की बोअरचं पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर 420 येतंय, दिसायलाही नितळ आहे, मग भाजीला सोडायला हरकत काय? आणि एका ताईंचा प्रश्न आहे की पट्टीवर थेंब टाकून कॅडमियम, शिसं असे विषारी धातू सांगणारं छोटं मशीन घ्यावं का.

आधी मीटरचं बघू. पाण्यातून करंट किती सहज जातोय एवढंच तो बघतो आणि त्यावरून सगळ्या क्षारांचा मिळून एक अंदाज देतो, त्यात मीठ किती नि धातू किती हे त्याला कळत नाही. ओलिताच्या पाण्यात कॅडमियम लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, पिण्याच्या पाण्यात तर 0.003 च्या आत. तुमच्या मीटरवर सगळ्यात लहान आकडा 1 चा (लिटरला 1 मिलिग्रॅम), म्हणजे मर्यादेच्या दसपट कॅडमियम आलं तरी 420 चे 421 होणार नाहीत! म्हणून त्या आकड्यावर विसंबून पालकाला पाणी सोडू नका, कारण पालेभाज्या कॅडमियम मुळातून ओढून पानात साठवतात आणि मग जुडी कितीही धुतली तरी ते निघत नाही.

एवढं बारीक शोधायची एक पद्धत म्हणजे स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री. भांड्याला मुलामा चढवतात ना, तसंच, पाणी ढवळत ठेवून इलेक्ट्रोडला (पाण्यातल्या वीज देणाऱ्या टोकाला) काही मिनिटं उणे व्होल्टेज देतात, पाण्यातले धातू त्यावर येऊन बसतात, मग व्होल्टेज हळूहळू वर आणलं की एकेक धातू आपापल्या जागी परत सुटतो, कॅडमियम साधारण उणे 0.6 व्होल्टला, शिसं उणे 0.4 च्या आसपास, आणि सुटताना करंटची जी टोकदार उडी येते तिच्या उंचीवरून प्रमाण काढतात. पूर्वी यासाठी पारा वापरायचे, आता बिस्मथचा थर असलेले इलेक्ट्रोडही आहेत.

ताई, तुमचं पट्टीचं मशीन याच जातीचं असेल तर स्वच्छ पाण्यात ते कामाचं आहे. पण आपल्याकडे बोअरमध्ये सांडपाणी झिरपतं, त्यातला साबण नि सेंद्रिय घाण इलेक्ट्रोडवर चिकटते आणि आकडा खोटाच कमी येतो. लॅबवाले नमुन्यात आधी ॲसिड घालून ती घाण मोडतात, शिवाय त्याच पाण्यात मोजून थोडं कॅडमियम टाकून उडी तेवढी वाढते का ते तपासतात. त्यामुळे पट्टीने काही दाखवलं तर लगेच लॅब गाठा, काही नाही दाखवलं तर निर्धास्त राहू नका, आणि माझं मत विचाराल तर तेच पैसे आधी लॅबच्या तपासणीला घाला.

नमुना घेताना पंप दहा मिनिटं चालू द्या, बाटली लॅबकडूनच मागा, ती आतून ॲसिडने धुतलेली प्लास्टिकची असते. आत नायट्रिक ॲसिडचे थेंब असतील तर विसळू नका, ते मुद्दाम घातलेले असतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि हाताला लागू देऊ नका.

रिपोर्ट येईपर्यंत पालक, माठ थांबवा, त्याऐवजी दुधी, काकडी लावा, पानांच्या मानाने फळात कॅडमियम कमी उतरतं. मातीचा सामू पण बघून घ्या, आंबट जमिनीत पीक कॅडमियम जास्त ओढतं, चुना किती टाकायचा ते माती रिपोर्टवरून सांगतो. आणि बोअर आता चांगला निघाला तरी मातीत जुनं साठलेलं असू शकतं, म्हणून पाण्यासोबत एक मातीचा आणि एक पानांचा नमुना पण द्या.