विचारा ताईंना: हक्कसोड पत्रावर सही करू का?

प्रश्न: ताई नमस्कार. माझ्या लग्नाला १९ वर्षं झाली. मागच्या वर्षी वडील गेले. साडेचार एकर वडिलोपार्जित जमीन आहे, दोन्ही भाऊ म्हणतात हक्कसोडवर सही करून टाक. मी नाही म्हटलं नाही, फक्त थोडं थांबा म्हटलं तर आई रडायला लागली, मामा म्हणाले आपल्यात मुली जमीन मागत नाहीत, संस्कृतीच तशी आहे, आणि जगात कुठेही जा बाईला दुय्यमच ठेवतात. खरंच हे कधी बदलत नसतं का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर: कायद्याचं आधी पटकन सांगते कारण ते सरळ आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलंय. महाराष्ट्राने तर १९९४ लाच कायदा केला होता, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं.

पण तुम्हाला बोचतंय ते मामांचं वाक्य, आणि त्याचं उत्तर मी दक्षिण कोरियातून देते. मुलगा हवाच हे वेड तिथे आपल्याइतकंच होतं. पितरांची पूजा थोरल्या मुलाने करायची, म्हाताऱ्या आईबापांनी त्याच्याकडे राहायचं, घरदार त्याचं, आणि वरून सरकारी शिक्का म्हणजे होजू (म्हणजे कुटुंबप्रमुख) पद्धतीची कुटुंबनोंद. घरचा प्रमुख पुरुष, तो गेला की प्रमुखपद मुलाकडे, मुलगा शाळकरी असला तरी आईच्या आधी त्याचा नंबर. मुलीचं लग्न झालं की नाव बापाच्या नोंदीतून काढून नवऱ्याच्या नोंदीत. घटस्फोटानंतर मुलं आईजवळ राहत असली तरी नोंद बापाकडेच. मग सोनोग्राफी आली. गर्भाचं लिंग सांगायला १९८७ ला बंदी घातली, तरी १९९० साली तिथे १०० मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले, निसर्गतः हा आकडा १०५ च्या आसपास असतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिसऱ्या बाळाच्या वेळी तर १०० मुलींमागे दोनशेच्या वर मुलगे! त्या न जन्मलेल्या मुलींचा विचार केला की पोटात खड्डा पडतो.

आणि हीच का तिथली 'मूळ' संस्कृती? तर नाही. सतराव्या शतकाच्या आधी कोरियात मुलींना भावांच्या बरोबरीने वाटा मिळायचा, पितरांची पूजासुद्धा भावंडं आळीपाळीने करायची. नंतर कन्फ्युशियन, म्हणजे चिनी विचारवंत कन्फ्युशियसच्या शिकवणीवरचे नियम कडक होत गेले, वाटा थोरल्या मुलाकडे सरकला, आणि दोन-तीनशे वर्षांनी सगळे म्हणायला लागले की आपल्यात पूर्वापार असंच आहे.

मग बायकांच्या संघटना कित्येक दशकं भांडल्या, समोर परंपरेचे कैवारी होते, होजू काढलं तर कुटुंब मोडेल म्हणणारे. १९९१ पासून वारसा समान झाला. २००५ च्या फेब्रुवारीत घटना न्यायालयाने होजू घटनाबाह्य ठरवलं, १ जानेवारी २००८ पासून ते गेलंच. २००५ च्या जुलैमध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की लग्न झालेली मुलगीसुद्धा बापाच्या कुळाची सदस्य आहे, म्हणजे कुळाच्या सामाईक जमिनीत तिचाही शब्द. तोवर लोक शहरात आले होते, मुली कमवत होत्या, आईबापांची भिस्त एकट्या मुलावर राहिली नव्हती. २००७ पर्यंत जन्माचा आकडा १०६ वर आला. आणि २०२४ मध्ये गर्भलिंग सांगायची उरलीसुरली बंदी कोर्टानेच रद्द केली, मुलाचा हट्ट आता तसा राहिला नाही म्हणून. एका पिढीत हो!

सगळं छान झालं असं मी म्हणत नाही. पुरुष-बायकांच्या पगारातली दरी तिथे अजून सुमारे ३० टक्के आहे, श्रीमंत देशांत सगळ्यात मोठी. आणि सणाला सुना राबून राबून आजारी पडतात, त्या दुखण्याला तिकडे वेगळं नावच आहे. गौरी-गणपतीत आपल्या घरी कोण किती वाजता जेवतं ते आठवा म्हणजे कळेल. नोंद, वारसा, म्हातारपणाचा आधार हे बदललं तिथे मन बदललं, जिथे काही हललं नाही तिथे मनही तिथेच.

म्हणून मामांना शांतपणे एवढंच विचारा, की जमीन न मागण्याची संस्कृती सांभाळायची एकट्या बहिणीनेच का? आधी वारसनोंद करून घ्या, आईसकट सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर येऊ देत. आईचाही हिस्सा आहे, तो तिला रडू आलेलं असताना कुणी सांगितला नसेल. हक्कसोड रजिस्टर झालं की मागे फिरणं फार अवघड, त्यामुळे घाईत सही नको. सगळं समजून, मनापासून भावांना द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, तो तुमचा निर्णय असेल. पण माहेर तुटेल या भीतीने देऊ नका.

प्रश्न: मुलगी दोन वर्षं झुरिकला आहे. ती म्हणते तिकडे बायकांना किती मान, आपणच मागासलेले. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आज तिला मान मिळतोय ते खरंच असेल, पण त्याचं वय बघा. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बायकांनी मत दिलं. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ ला सार्वमत झालं, मत द्यायला फक्त पुरुष, आणि त्यातल्या ६७ टक्क्यांनी बायकांना मताधिकार नाकारला. तो मिळाला १९७१ ला. आपेनझेल इनररोडन या छोट्या प्रांतात तर चौकात जमून हात वर करून मतदान होतं, पुरुष कमरेला तलवार लावून येतात, ती त्यांची मतदार असल्याची खूण. तिथल्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा बायकांना नाहीच म्हटलं, परंपरा म्हणून! नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च कोर्टाने आदेश दिला तेव्हा दार उघडलं. आणि १९८८ पर्यंत कायद्याने नवराच कुटुंबप्रमुख होता तिथे. पैसा, शिक्षण, स्वच्छ रस्ते सगळं असूनही. तेव्हा मुलीला सांगा, मागासलेपण कुठल्या एका देशाच्या रक्तात नसतं.

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. मी भांडी घासली की आई म्हणते आपल्याकडे पुरुष असं करत नाहीत. बायको गप्प बसते. काय करू? (वय २९, नाशिक)

उत्तर: घासत राहा. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, आणि मुळात पुरुषांमध्ये चारातला जेमतेम एकच घरकामाला हात लावत होता. आईशी वाद घालू नका, त्यांचं उभं आयुष्य त्या २९९ मिनिटांत गेलंय, तुम्ही सिंकपाशी उभे राहिलात की त्यांना आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटत असेल. एखाद्या दिवशी त्यांचंही ताट उचला, चहा करून त्यांच्या हातात द्या, आणि तुमच्या वयाच्या असताना त्या किती वाजता उठायच्या ते विचारा. बायको गप्प का बसते हेही तिला एकदा एकटीला विचारा, आणि ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐका.