एम.टेक.चा विषय: आधी प्रश्न शोध

‘सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये एआय’ हा विषय नाही, अख्खं क्षेत्र आहे. वर्षभरात झेपेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, कोड तोच असताना टेस्ट कधी पास, कधी फेल होते. तिला फ्लेकी टेस्ट म्हणतात. यातल्या किती टेस्ट केवळ क्रम बदलल्यामुळे फेल होतात? हे मोजता येतं. जावाचा एखादा लहान ओपन सोर्स प्रकल्प घे, टेस्टचा क्रम बदलत १०० वेळा चालव, प्रत्येक निकाल नोंदव. साध्या लॅपटॉपवर होतं.

वाचायला आयसीएसई (ICSE) आणि एमएसआर (MSR) या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदांचे गेल्या ३ वर्षांतले १५ पेपर पुरेत. ‘थ्रेट्स टू व्हॅलिडिटी’ हा भाग, म्हणजे आपले निष्कर्ष कुठे कमी पडू शकतात हे लेखक स्वतः सांगतात तो, अजिबात सोडू नकोस, पुढचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच दडलेला असतो.

नेहमीच्या चुका:
- आधी टूल बनवणं. मग तुलना कशाशी करायची तेच ठरत नाही.
- डेटा न बघता विषय नोंदवणं. बगवर काम असेल तर डिफेक्ट्सफोरजे (Defects4J) या बगच्या संग्रहात जावाचे ८०० हून अधिक खरे बग तयार आहेत.
- प्रोजेक्टलाच संशोधन समजणं. सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यासाठी बिलिंग ॲप हा प्रोजेक्ट झाला. तिथल्या मागण्या वारंवार का बदलतात हे पद्धतशीर तपासलंस, तर ते संशोधन.

गाईडकडे जाताना प्रश्न एका ओळीत लिहून ने.