सेरी सीतला मिडफिल्डर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 2014 मध्ये एफसी पुणे सिटीने फ्रँको कोलोंबा यांना प्रशिक्षक म्हणून आणलं, तेव्हापासून इटलीच्या फुटबॉलची गोडी लागली. पण तिथल्या खालच्या विभागांतल्या मिडफिल्डरची कारकीर्द वाचताना गोंधळ उडतो. दरवर्षी नवा क्लब, विभागाचं नाव वेगळं, गोल जेमतेम एक-दोन. खेळाडू चांगला की सुमार, हे ओळखायचं कशावरून?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : आधी विभागांची नावं नीट लावून घ्या. सगळ्यात वरचा स्तर सेरी ए, दुसरा सेरी बी. 1978 पासून 2008 पर्यंत तिसरा स्तर म्हणजे सेरी सी-वन आणि चौथा सी-टू. 2008 मध्ये त्यांचीच नावं प्रिमा दिव्हिझियोने आणि सेकोंदा दिव्हिझियोने झाली. 2014 मध्ये दोन्ही मिळून 60 संघांचा एकच विभाग झाला, लेगा प्रो. 2017 पासून तो पुन्हा सेरी सी म्हणून ओळखला जातो. म्हणजे 2006 मध्ये सेरी डी हा पाचवा स्तर होता, आज तो चौथा आहे. नोंदीत नाव तेच दिसतं, पातळी तीच नसते.

आता आकडे. '31 (2)' म्हणजे लीगचे 31 सामने, 2 गोल. प्लेऑफ आणि कपचे सामने बहुतेकदा यात धरलेले नसतात. सेरी सीत 20-20 संघांचे तीन गट असतात, म्हणून मोसमात 38 सामने. पाच पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी येते. बचावापुढे उभा राहून चेंडू हिसकावणाऱ्या मिडफिल्डरला, म्हणजे मेद्यानोला, ही बंदी मोसमात एकदा तरी सहज लागते. तेव्हा मेद्यानो 38 पैकी 34 सामने खेळला असेल, तर प्रशिक्षकाने त्याला जवळपास कधीच बाहेर बसवलेलं नाही. त्याच्या नावापुढे शून्य गोल असले तरी बिघडत नाही. खेळाची सूत्रं हलवणाऱ्या रेजिस्ताचंही तेच. मेझ्झाला, म्हणजे मधल्या फळीत थोडा बाजूला खेळणारा मिडफिल्डर, मात्र पेनल्टी क्षेत्रापर्यंत धावत जातो, त्याच्याकडून चार-पाच गोल अपेक्षित असतात. खेळाडूची जागा ठाऊक नसेल तर गोलांचा रकाना वाचू नका. सलग तीन मोसम तिशीच्या पुढे सामने असणं ही आमच्या मते मिडफिल्डरच्या दर्जाची सगळ्यात भरवशाची खूण आहे.

दरवर्षी बदलणाऱ्या क्लबांमागे बहुधा लोन, म्हणजे तात्पुरती बदली असते. मोठा क्लब आपल्या तरुणाला खेळायला मिळावं म्हणून खाली पाठवतो. एमानुएले जाकेरिनी चेझेनाकडून फोर्ली, बेलारिया, पाविया असा फिरून आला, चेझेनाबरोबर 2009 आणि 2010 अशा लागोपाठ दोन बढत्या मिळवून सेरी एत पोहोचला आणि 2011 मध्ये युव्हेंटसला गेला. मार्को पारोलोच्या नोंदीतही कोमो, पिस्तोयेझे, फोलिन्यो, वेरोना अशी रांग दिसते, आणि तोच 2014 च्या वर्ल्ड कपला इटलीच्या संघात होता. उलट टोकाला फ्रांचेस्को मान्यानेल्ली : 2005 मध्ये सी-टूतल्या सासुओलोत आला, क्लबबरोबर सेरी एपर्यंत चढला आणि 2022 मध्ये तिथूनच निवृत्त झाला. तेव्हा क्लब किती बदलले हे मोजू नका, कोणत्या महिन्यात बदलले ते पाहा. उन्हाळ्यातली बदली नेहमीची असते. लागोपाठ दोन वर्षं जानेवारीत, मोसमाच्या मध्यावर क्लब सुटला असेल, तर तिथे खेळायला मिळत नव्हतं असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : सेरी डीत नियमित खेळणारी कित्येक मुलं 21-22 व्या वर्षी एकदम दिसेनाशी होतात. दुखापत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुतेकांच्या बाबतीत कारण नियमाचं असतं. सेरी डीत ठरावीक जन्मवर्षांचे ठरावीक संख्येने तरुण खेळाडू पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात ठेवावे लागतात. बदली खेळाडू उतरवतानाही ती संख्या मोडून चालत नाही, मोडली तर सामना 0-3 असा हरलेला धरतात. जन्मवर्षं दर मोसमात एकाने पुढे सरकतात. मुलगा त्या कक्षेबाहेर गेला की त्याची जागा लगेच दुसऱ्या तरुणाला द्यावी लागते, आणि त्याला स्वतःला तीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूशी झुंजावं लागतं. प्रशिक्षक हे तरुण शक्यतो गोलकीपर आणि फुलबॅकच्या जागी खेळवतात, मध्यभागी अनुभवी माणूस ठेवतात. म्हणून तरुण वयात तिथे मिडफिल्डर म्हणून टिकलेला मुलगा खरोखर वेगळा असतो. त्याच्यावर नजर ठेवा.

प्रश्न : सेरी एत खेळलेल्या खेळाडूच्या नोंदीत मध्येच सेरी डी कशी येते? आणि क्लब बुडाला तर पगाराचं काय?
– एक वाचक, निगडी

उत्तर : क्लब दिवाळखोरीत गेला की नव्या कंपनीला बहुधा सेरी डीतून सुरुवात करावी लागते. पार्मा 2015 मध्ये तसा खाली गेला आणि 2016, 2017, 2018 अशा तीन सलग बढत्या घेऊन सेरी एत परतला. त्या काळात तिथे राहिलेल्या खेळाडूची 'सेरी डी' ही घसरण समजू नये.

सेरी सीत नावनोंदणीसाठी क्लबला दर उन्हाळ्यात बँक हमी द्यावी लागते. पगार थकले तर खेळाडूंना त्या हमीतून पैसे मिळू शकतात. थकबाकीसाठी क्लबचे गुणही कापले जातात. तरीही क्लब मोसमाच्या मध्यावर कोसळतात. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रो पियाचेन्झा सात खेळाडू घेऊन उतरला, कुनेओकडून 20-0 ने हरला आणि स्पर्धेतून काढला गेला. करार नसलेल्या खेळाडूंना सराव सुटू नये म्हणून खेळाडूंची संघटना शिबिर भरवते, फ्लॉरेन्समधल्या कोवेरचानोतही ते भरलेलं आहे. काही मिडफिल्डरना पुढचा क्लब अशा शिबिरातूनच मिळतो.

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, पुण्यात लीग खेळतो. एक एजंट सेरी सीच्या क्लबमध्ये ट्रायल देतो म्हणतोय, पण आगाऊ पैसे मागतोय. पाठवावं का?
– एक पालक, वानवडी

उत्तर : पैसे देऊ नका. फिफाच्या नियमांनुसार 18 वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील, तर त्यासारखे मोजके अपवाद आहेत. आणि मुलगा 18 चा झाला तरी सेरी सीचे क्लब युरोपीय संघाबाहेरचा, परदेशातून येणारा खेळाडू नोंदवू शकत नाहीत. मुलगा कितीही चांगला असला तरी हे दार भारतीय पासपोर्टवर बंदच आहे. (पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोव्याच्या मुलाची गोष्ट वेगळी.)

एजंटचा फिफा परवाना क्रमांक मागा आणि फिफाच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः तपासा. क्लबचं पत्र दाखवलं, तर क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या पत्त्यावर तुम्हीच ईमेल करून खातरी करा, पत्रावरच्या नंबरवर फोन करू नका. क्लबच्या नावाने चालणारी आठवड्या-दोन आठवड्यांची शिबिरं ही पैसे भरून घेतलेली शिकवणी असते, तिच्यातून नोंदणी होत नाही.

आज करण्यासारखं काम इथलंच आहे. मुलाची एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) ऑनलाइन नोंदणी प्रणालीतली जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि पासपोर्टशी जुळते का, आणि तो खेळलेले सगळे क्लब तिथे क्रमाने आहेत का, ते पाहा. पुढे तो परदेशात व्यावसायिक झाला तर 12 व्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना मिळणारी भरपाई याच नोंदीवरून ठरते. चूक आढळली तर मुलाच्या सध्याच्या क्लबमार्फत लेखी दुरुस्ती करून घ्या.