आईला स्टेटसवरून कळलं

"ताई, नमस्कार. मी मूळची मिरजेची. सध्या स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला मास्टर्स करतेय. मार्चमध्ये इथे फायासचा उत्सव असतो. गल्लीच्या मंडळातल्या बायकांनी मला सहज बोलावलं आणि पंधरा दिवस मी त्यांच्यातलीच होऊन गेले. एकीने तिचा जुना पारंपरिक पोशाख मला घातला. 18 तारखेला त्यांच्याबरोबर मेरीमातेला फुलं वाहायला मिरवणुकीत चालले. 19 ला पाडवा होता. गुढी उभारली नाही, आईला सांगितलं पेपर आहे. रात्री आमच्या गल्लीतला फाया, म्हणजे उत्सवासाठी उभारलेला भव्य पुतळा, जळताना मला रडू कोसळलं. कुणीतरी फोटो काढला, मी तो स्टेटसला टाकला आणि आईपासून लपवायचं विसरले. दोन महिने झाले, ती तुटक बोलते. 'आता तिकडचेच देव धर', एवढंच एकदा म्हणाली. इथली मराठी रूममेट म्हणते, 'गोऱ्यांत मिसळायची भारी हौस तुला.' मंडळवाले मात्र सभासद हो म्हणून मागे लागलेत. तो पोशाख घ्यायचा तर हजारो युरो लागतात. मला मनापासून जायचंय, पण रात्री वाटत राहतं, आपण आपलं सोडत चाललोय का? मी चुकले का?"

चुकलीस, पण तुला वाटतंय तिथे नाही.

गुढी उभारली नाही म्हणून मिरजेतली कुठलीही आई दोन महिने तुटक बोलत नाही. तू तिला सांगितलंस, पेपर आहे. मग तिने काय केलं असेल ते मी सांगते. गुढीला नैवेद्य दाखवताना तुझ्या पेपरासाठी वेगळे हात जोडले असतील. शेजारच्या काकूंना सांगितलं असेल, "पोरीला सणसुद्धा नाही हो, परीक्षा आहे." तुझ्याकडे रात्री दहाला जाळ लागला तेव्हा इथे पहाटेचे अडीच वाजले होते. पाचला उठून तिने फोन बघितला, तर लेक तीन अंबाडे घालून, त्यात सोनेरी कंगवे खोवून, अनोळखी बायकांच्या गळ्यात पडून रडतेय. कशासाठी, ते तिला ठाऊक नाही. देवांचं ती म्हणाली ते रागाला काहीतरी नाव द्यायचं म्हणून. तुझ्या आयुष्यात एवढं मोठं काही घडलं आणि तिच्या वाट्याला थाप आली, ते तिला लागलंय.

आता त्या रडण्याबद्दल. पत्रात ती एकच ओळ तू घाईघाईने उरकली आहेस, आणि मला तीच खरी वाटली. वर्षभर वर्गणी गोळा करायची, कारागिराला पैसे मोजायचे, 15 मार्चपर्यंत चौकाचौकांत कित्येक मजली पुतळे उभे करायचे आणि 19 च्या रात्री, सेंट जोसेफच्या दिवशी, पेटवून द्यायचे. लोकांच्या मतांवर एखादा निनोत, म्हणजे त्यातली एक बाहुली, तेवढी जाळातून सुटते आणि संग्रहालयात जाते. ही माफी 1934 पासून चालत आली आहे. हिवाळा संपला की सुतार दिवे टांगायची लाकडं जाळायचे, त्यातून हे सुरू झालं असं तिकडे सांगतात. जोसेफ सुतारच ना! 2016 मध्ये युनेस्कोनेही या उत्सवाला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं.

"हे तर आपले गणपतीच," असं तुला दहा जण म्हणतील. पत्र वाचताना मलाही क्षणभर तसंच वाटलं. कासाल म्हणजे मंडळाची खोली, वर्गणी, रस्त्यातच लाकडं पेटवून रटरटणारा पाएया नावाचा भात, जागरणं, रोज दुपारी दोनला पालिकेच्या चौकात कानठळ्या बसवणारी मास्क्लेता, म्हणजे फटाक्यांची माळ. (आपल्या डीजेला नाकं मुरडणारे तिथे तोंड उघडं ठेवून कौतुकाने उभे राहतात, हे मला जरा गमतीचं वाटतं.) पण सारखेपणावर थांबलीस तर त्यांचा सण तुला दिसायचाच नाही. आपण मूर्ती बुडवतो ती पुढच्या वर्षी लवकर या म्हणत. त्यांच्या पुतळ्यांत देव नसतो. पुढाऱ्यांची, श्रीमंतांची, कधी स्वतःचीच टिंगल असते, आणि वर्षभराचं ते सगळं एका रात्रीत राख. समोरच्या घराच्या भिंती तापू नयेत म्हणून बंबवाले पाणी मारत असतात आणि ज्यांनी पैसे घातले तेच रडत असतात. तूही त्यांच्यात रडलीस, कारण पंधरा दिवस तुझेही हात त्यात होते. यात आपलं काय सुटलं?

मेरीमातेचंही तेच. 17 आणि 18 तारखेला माणसं तासन् तास चालत येतात आणि प्रत्येकाच्या हातातल्या फुलांतून चौकातल्या त्या उंच मातेचं वस्त्र विणलं जातं. निराधारांची माता म्हणतात तिला. आणि मान किंचित पुढे झुकलेली म्हणून लाडाने 'कुबडी' सुद्धा म्हणतात! देवाशी असं घरच्यासारखं बोलणं विठोबाला 'काळ्या' म्हणणाऱ्यांना तरी परकं वाटू नये. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्ती वाहायला जाणारी कितीतरी हिंदू घरं मला माहीत आहेत, आणि परत येऊन त्यांच्या देव्हाऱ्यातला गणपती रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. फुलं वाहिलीस, छान केलंस.

रूममेटचं फार मनावर घेऊ नकोस. असं बोलणारी मुलगी बहुतेक वेळा शनिवारी रात्री खोलीत एकटी असते. पुढच्या वेळी तिला बरोबर ने, भोपळ्याचे गरम बुन्योलो, म्हणजे तिकडचे तळलेले गोड वडे, खाऊ घाल. नाही आली तर नाही.

सभासदत्वाचं मात्र डोकं शांत ठेवून बघ. त्यांचं वर्ष 19 मार्चला संपतं आणि लगेच नवं सुरू होतं, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये तू त्या शहरात असणार का, हे आधी ठरव. असशील तर महिन्याची वर्गणी किती, वर आणखी खर्च कोणते, हे खजिनदाराला सरळ विचार. संकोच करू नकोस, मंडळात पैशांचं बोलणं रोजचंच असतं. पोशाख विकत घ्यायचा विचारही नको, शैक्षणिक कर्ज असेल तर मुळीच नको. भाड्याने मिळतो, उसना मिळतो, एकदा मिळालाच आहे. मंडळातले बरेच जण इतर दिवशी साध्या ब्लुसोनवर, त्या सुती झग्यावर आणि गळ्यातल्या रुमालावरच वावरतात. तुला त्यांनी बोलावलं ते तुझ्या रेशमासाठी नव्हे. भांडी घासायला, खुर्च्या लावायला तू थांबलीस म्हणून बोलावलं असणार.

यंदा पाडवा आणि फायाची आग एकाच तारखेला आली. हा योगायोग सारखा येत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचा पाडवा एप्रिलमध्ये जातो. म्हणजे पेपरची सबब तुला उरली नाही! आईकडून खणाचा तुकडा आणि साखरेची गाठी आधीच मागवून ठेव. वेळूची काठी नाही मिळाली तर झाडूचा दांडा धुऊन घे, माझ्या एका भाचीने परदेशात तसंच केलं होतं. आणि कासालमधल्या त्या बायकांना सकाळी श्रीखंड खायला बोलाव. गुढी संध्याकाळी उतरवायची असते हे कळल्यावर त्या चकित होतील, की हिचाही सण एका दिवसात आवरतो.

पण हे पुढचं. आधी फोन. पहिलं वाक्य "आई, त्या दिवशी पेपर नव्हता" हेच असू दे, त्याच्या आधी हवापाण्याच्या गप्पा नकोत. ती गप्प बसेल, बसू दे. मग पाएयासाठी किती किलो शेंगा निवडल्यास ते सांग, अंबाडे घालताना किती पिना टोचल्या ते सांग, आणि का रडलीस ते सांग. फोन तुझ्या दुपारी साडेतीनला कर. मिरजेत तेव्हा सात वाजलेले असतात, दिवा लावून ती नुकतीच टेकलेली असते आणि मालिका सुरू व्हायला अजून थोडा वेळ असतो.